नमुने राहिले की झाले? स्पॅनिश क्रियापद-प्रयोगांच्या अभ्यासाचे एक प्रकरण

प्रसंग

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांसाठी रबरी सील बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना मेक्सिकोतील केरेतारो येथील एका ग्राहकाला माल पुरवतो. दोन्ही बाजूंची साप्ताहिक बैठक फोनवर होते. मध्य मेक्सिकोचे घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असल्यामुळे चाकणला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. परिणामी, दिवसभराच्या कामाने दमलेली इकडची माणसे नुकत्याच कामावर बसलेल्या आणि भरभर बोलणाऱ्या तिकडच्या माणसांचे ऐकत असतात. बैठकीची सुरुवात इंग्रजीत होते, पण विषय अडचणीचा निघाला किंवा घाई झाली की ग्राहकाकडील मंडळी स्पॅनिशवर येतात. कारखान्यात स्पॅनिश जाणणारी व्यक्ती एकच होती, क्वालिटी विभागातील एक इंजिनिअर. बैठकीचे मिनिट्स लिहिण्याचे काम साहजिकच त्यांच्याकडे आले.

अशा एका बैठकीत पलीकडून वाक्य आले, ‘लो दे लास मुएस्त्रास या केदो.’ इंजिनिअरबाईंनी मिनिट्समध्ये नोंद केली, ‘नमुने बाकी.’ डिस्पॅच विभागाने ती नोंद वाचून नमुन्यांचा आणखी एक खोका तयार केला आणि तो विमानाने रवाना केला. काही दिवसांनी ग्राहकाकडून विचारणा झाली की मंजुरी मिळालेले नमुने पुन्हा कशासाठी पाठवले आहेत. मूळ वाक्याचा अर्थ ‘नमुन्यांचे काम झाले’ असा होता. नोंद नेमकी उलटी झाली होती.

नुकसान फार मोठे नव्हते. तरीही यापुढे दुभाषी बाहेरून आणावा का, असा प्रश्न वरिष्ठांनी उपस्थित केला, आणि त्या प्रश्नामुळे बाई माझ्याकडे शिकण्यासाठी आल्या. पुढील लेखन त्यांच्या संमतीने आणि त्यांची, कारखान्याची व ग्राहकाची ओळख वगळून केलेले आहे.

शिकणाऱ्या व्यक्तीची पार्श्वभूमी

बाई कोथरूडला राहतात. दहावीपर्यंत त्या मराठी माध्यमात शिकल्या आणि पुढचे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्थातच इंग्रजीत झाले. स्पॅनिश त्यांनी डेक्कन परिसरातील शनिवार-रविवारच्या वर्गात शिकून बी-एक ही पातळी उत्तीर्ण केलेली होती. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पातळ्यांच्या चौकटीत ही खालून तिसरी पातळी होय. ओळखीच्या विषयावरचे स्पष्ट बोलणे समजावे आणि प्रवासातले बहुतेक प्रसंग निभावता यावेत, अशी तिच्याकडून अपेक्षा असते.

परकीय भाषा शिकणे पुण्याला नवीन नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि शहरभर खासगी वर्ग आहेत. मात्र स्पॅनिशच्या वर्गात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: पुस्तक स्पेनमधले आणि स्पष्टीकरण इंग्रजीतून. या प्रकरणात या दोन्ही गोष्टींचा परिणाम दिसतो.

पहिल्या भेटीत मी त्यांची लेखी चाचणी घेतली. अनियमित क्रियापदांची रूपे त्यांनी न अडखळता लिहिली, दोन्ही भूतकाळांतला फरक नेमका सांगितला, संकेतार्थी (इंग्रजीत सब्जंक्टिव्ह) रूपांतही फारशी चूक झाली नाही. त्यांची तक्रार त्यांनीच नीट मांडली: शब्द सगळे ओळखीचे असतात, पण वाक्य परके वाटते. व्याकरणाचा पाया पक्का असलेल्या शिकणाऱ्यांत ही तक्रार मी वारंवार ऐकलेली आहे. तिचे कारण बहुतेक वेळा शब्दसंग्रहात नसते. स्पॅनिशमध्ये रोजचे बोलणे दहा-पंधरा साध्या क्रियापदांवर चालते आणि प्रत्येक क्रियापद आपल्यामागच्या छोट्या अव्ययाबरोबर अर्थ बदलत जाते. ‘दार’ म्हणजे देणे, ‘देहार’ म्हणजे सोडणे, ‘आकाबार’ म्हणजे संपवणे, असे सुटे अर्थ पाठ केलेला माणूस या जोड्यांपुढे निरुत्तर होतो.

‘केदार’ आणि त्याचे सोबती

देवनागरीत लिहिल्यावर ‘केदार’ हे क्रियापद एखाद्या सदाशिव पेठेतल्या मुलाच्या नावासारखे दिसते. ती गंमत एकदा झाली की बाजूला ठेवावी, कारण क्रियापद मोठे कामाचे आहे. बाईंच्या वहीत त्याचा अर्थ इंग्रजीवरून घेतलेला एकच होता: उरणे, राहणे. ‘केदान दोस काहास’ म्हणजे दोन खोकी उरली आहेत, इथपर्यंत तो चालतो. परंतु ‘केदामोस एन के एल एम्बीओ साले एल बियेर्नेस’ म्हणजे माल शुक्रवारी निघेल असे आपले ठरले. ‘केदे दे मांदार एल रेपोर्ते’ म्हणजे अहवाल पाठवण्याचे मी कबूल केले होते. ‘मे केदे कोन ला कोपिया’ म्हणजे प्रत मी माझ्याकडे ठेवून घेतली. ‘ला प्लान्ता केदा लेहोस’ म्हणजे कारखाना लांब आहे. आणि मेक्सिकोतल्या बोलण्यात सतत कानावर पडणारे ‘या केदो’ म्हणजे झाले, काम उरकले.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: एखादी गोष्ट हलता हलता कुठे येऊन थांबली. ती थांबण्याची अवस्था कधी शिल्लक असते, कधी ठराव, कधी पत्ता, कधी पूर्तता. मराठी यांतल्या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद वापरते, आणि ‘काम राहिले’ असे मराठीत म्हटले की काम झालेले नाही असाच अर्थ होतो. म्हणजे येथे इंग्रजीतून आलेला अर्थ अपुरा होता आणि त्याचे मराठी रूप तर चुकीच्या दिशेला बोट दाखवत होते. खरोखर बाकी असलेल्या कामाला पलीकडची माणसे ‘केदा पेंदियेन्ते’ म्हणतात. त्याच क्रियापदाने झालेले आणि न झालेले अशी दोन्ही कामे सांगितली जात असतील, तर सुट्या अर्थाच्या भरवशावर मिनिट्स लिहिणे धोक्याचेच होते.

जुने मिनिट्स पुन्हा चाळले तेव्हा अशा आणखी जागा सापडल्या. ‘आकाबान दे येगार लास पिएसास’ हे वाक्य त्यांनी ‘सर्व माल पोहोचून संपला’ असे घेतले होते. प्रत्यक्षात ‘आकाबार दे’ नंतर मूळ क्रियापद आले की ‘नुकतेच’ एवढाच अर्थ होतो: माल आत्ताच आला आहे, मोजायचा बाकी आहे. ‘या लोस दिमोस दे आल्ता’ या वाक्याने त्यांची एक रात्र काळजीत गेली होती. ‘आल्ता’ म्हणजे उंच हे ठाऊक असल्याने आपली तक्रार वरपर्यंत नेली, असे त्यांना वाटले. पण ‘दार दे आल्ता’ म्हणजे यादीत किंवा प्रणालीत नाव नोंदवणे. ग्राहकाने त्यांच्या कारखान्याची पुरवठादार म्हणून नोंद केली होती, म्हणजे बातमी चांगली होती. हाच प्रयोग रुग्णालयात केला तर अर्थ होतो रुग्णाला घरी सोडणे.

सर्वांत फसवे वाक्य ‘नो देहे दे आबिसार्नोस’ हे निघाले. ‘देहार दे’ म्हणजे एखादी गोष्ट करणे थांबवणे. त्याला नकार लागला की इंग्रजीतून विचार करणारा माणूस ‘थांबवू नका’ इथे येऊन अडकतो आणि आपण आजवर काय कळवत होतो, असा विचार करू लागतो. मराठीत मात्र हीच रचना घरातली आहे: आम्हांला कळवल्याशिवाय राहू नका. बाईंना हे मराठी वाक्य सांगितले तेव्हा त्यांनी पुढचे दोन प्रयोग आपणहून मराठीत मांडून पाहिले, आणि येथून अभ्यासाची दिशा बदलली.

इंग्रजीच्या वळणाने झालेल्या चुका

बाईंनी पाठवलेल्या ईमेल तपासल्यावर असे दिसले की त्यांच्या बऱ्याच चुका मराठी बोलणाऱ्याला सहसा सुचू नयेत अशा होत्या. अहवाल शोधत आहे हे सांगताना त्या ‘बुस्कार’ला ‘पारा’ जोडत होत्या, कारण इंग्रजीत शोधण्याच्या क्रियापदाला तसे शेपूट असते. स्पॅनिशमध्ये अहवाल थेट शोधतात, मराठीतही थेटच शोधतात. प्रमाणपत्र मागताना त्या ‘प्रेगुन्तार’ वापरत होत्या. इंग्रजीत माहिती विचारणे आणि वस्तू मागणे या दोन्हींसाठी एकच क्रियापद चालते. स्पॅनिशमध्ये विचारायचे ते ‘प्रेगुन्तार’ आणि मागायचे ते ‘पेदिर’, अगदी मराठीसारखे. जी मुलगी शाळेत ‘बाईंना प्रश्न विचारला’ आणि ‘बाईंकडे खडू मागितला’ यांत कधीही गल्लत करणार नाही, ती मोठेपणी इंग्रजीतून स्पॅनिशला जाताना ती गल्लत करते.

यांतील सर्वांत महत्त्वाची चूक मोडतोडीसंबंधी होती. चाचणी करताना एक नमुना तुटला, तेव्हा बाईंनी ‘रोम्पिमोस ला मुएस्त्रा’ असे लिहिले, म्हणजे आम्ही नमुना तोडला. व्याकरण निर्दोष आहे, परंतु वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की मुद्दाम तोडला काय. अपघाताने घडलेल्या गोष्टीसाठी स्पॅनिश ‘से नोस रोम्पियो ला मुएस्त्रा’ असे म्हणते. यात नमुना हा कर्ता होतो आणि माणूस बाजूला, ज्याच्या बाबतीत ते घडले त्या स्थानी जातो. मराठीत आपण हेच करतो: आमच्या हातून नमुना तुटला. ‘से मे ओल्बिदो’ म्हणजे माझ्या लक्षातून गेले, ‘से मे कायो’ म्हणजे माझ्या हातून पडले. ज्या विभागात दोष कोणाचा हेच दिवसभर ठरवले जाते तेथे हा फरक शैलीपुरता राहत नाही.

‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडते ही रचना बहुतेक वर्गांत पहिल्या काही आठवड्यांत येते आणि इंग्रजीतून शिकवताना तिच्यावर बराच वेळ खर्च होतो, कारण इंग्रजी वाक्यात आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठी विद्यार्थ्याला ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ एवढे आठवून दिले की क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते हे लगेच पटते. तरीही आपण ते इंग्रजीतून समजावत राहतो. वर्गात अमराठी विद्यार्थी असतात हे त्याचे एक कारण आहे आणि ते रास्तही आहे. दुसरे कारण असे की परकीय भाषेचा वर्ग म्हणजे इंग्रजीचा वर्ग असावा, अशी पुण्यातल्या पालकांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांची समजूत आहे.

याचा अर्थ मराठी नेहमीच सरळ वाट दाखवते असा नाही. ‘एचार दे मेनोस’ या प्रयोगात आठवण काढणारा कर्ता असतो आणि ज्याची आठवण येते तो कर्म. मराठीतले ‘मला तुझी आठवण येते’ डोक्यात धरून वाक्य बांधले तर ते हमखास उलटे होते, आणि येथे इंग्रजीच जवळची ठरते. असणे या अर्थाच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांबाबत तर दोन्ही भाषा सारख्याच निरुपयोगी आहेत.

अभ्यासाची पद्धत

जुनी शब्दवही बंद करून नवी वही सुरू केली. तीत सुटे क्रियापद लिहायचे नाही असा दंडक होता. प्रत्येक नोंदीत क्रियापद त्याच्या अव्ययासह, वाक्याचा कर्ता कोण आणि पुढे काय येते, म्हणजे मूळ क्रियापद, चालू कृतीचे रूप की नाम, एवढे लिहायचे. अर्थाच्या जागी एक शब्द न देता त्या प्रसंगी चाकणच्या कारखान्यात मराठीत जे वाक्य बोलले गेले असते ते पूर्ण लिहायचे. वाक्ये पुस्तकातून न घेता त्यांच्याच बैठकांतून, ग्राहकाची गोपनीय माहिती वगळून घेतली. आठवड्याला दोन-तीनच प्रयोग घ्यायचे, पण तेवढे निरनिराळ्या पुरुषांत, भूतकाळात आणि नकारात फिरवून तोंडात बसवायचे.

मराठीतील सहायक क्रियापदे येथे उपयोगी पडली. ‘सेगिमोस एस्पेरान्दो’ म्हणजे आम्ही अजून वाट पाहत राहिलो आहोत, ‘बोल्बिमोस आ मेदिर’ म्हणजे आम्ही पुन्हा मोजले, जरी ‘बोल्बेर’चा सुटा अर्थ परतणे असला तरी, ‘तेनेमोस के रेबिसार’ म्हणजे आम्हांला तपासावे लागेल. ‘आय के रेबिसार’ म्हणजे तपासायला हवे. या शेवटच्या दोन प्रयोगांवर आम्ही बराच वेळ दिला. पहिल्यात काम कोणाचे हे क्रियापदाच्या रूपातच येते. दुसऱ्यात कर्ता नसतोच, आणि ऐकणारा प्रत्येक जण ते काम दुसऱ्याचे समजतो. ‘बघायला हवे’ असे म्हणून विषय संपवण्याची आपल्या कार्यालयांतली रीत ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बाईंच्या मिनिट्समध्ये जबाबदार व्यक्तीचा रकाना जेथे रिकामा होता, त्या बहुतेक ठिकाणी मूळ वाक्य ‘आय के’ने सुरू झालेले होते.

यातून एक सवय लावली: शंका आली की अर्थाचा अंदाज न बांधता पलीकडच्यांच्याच शब्दांत उलट विचारायचे. ‘एन्तोन्सेस, केदा पेंदियेन्ते ओ या केदो?’ म्हणजे मग बाकी आहे की झाले? किंवा ‘क्येन लो बा आ रेबिसार?’ म्हणजे कोण तपासणार आहे? सुरुवातीला बाईंना संकोच वाटे, कारण विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणे, असे त्यांना वाटत होते. कामाच्या बैठकीत असा प्रश्न स्पॅनिश मातृभाषा असलेलेही एकमेकांना विचारतात, हे त्यांनी स्वतः ऐकले तेव्हा तो संकोच गेला.

उच्चाराचा एक फायदा अनपेक्षित होता. स्पॅनिशमधले त आणि द दंत्य आहेत. इंग्रजी वळणाने ट आणि ड म्हणण्याची बाईंची सवय प्रयोग देवनागरीत लिहायला लागल्यावर पुष्कळ कमी झाली.

स्पेनच्या पुस्तकातून आलेल्या काही गोष्टी मात्र बाजूला ठेवाव्या लागल्या. ‘तुम्ही’साठीचे ‘बोसोत्रोस’ आणि त्याची सगळी रूपे लॅटिन अमेरिकेत वापरात नाहीत. तेथे अनेकांना ‘उस्तेदेस’ म्हणतात. स्पेनमध्ये बस पकडण्यापासून पेन उचलण्यापर्यंत सर्रास चालणारे ‘कोहेर’ हे क्रियापद मेक्सिकोत अश्लील ठरते, म्हणून त्याऐवजी ‘तोमार’ किंवा ‘आगार्रार’ घ्यावे लागते. आठवण येण्यासाठी तेथे ‘एचार दे मेनोस’पेक्षा ‘एक्स्त्रान्यार’ अधिक ऐकू येते. ‘आओरिता’ या शब्दाचा अर्थ आत्ता, थोड्या वेळाने किंवा कधीतरी यांपैकी काहीही असू शकतो, म्हणून मिनिट्समध्ये त्याच्यासमोर तारीख विचारून लिहायची असे ठरले. 2020 च्या जनगणनेनुसार मेक्सिकोची लोकसंख्या सुमारे 12 कोटी 60 लाख आहे, म्हणजे स्पेनच्या अडीच पटींहून अधिक. तरी पुण्यातल्या वर्गांत तिथली स्पॅनिश अपवाद म्हणून तळटिपेत येते, हे मला पटत नाही.

रंगतदार वाक्प्रचारांविषयी

बाईंनी येताना वाक्प्रचारांची एक लांबलचक यादी आणली होती. महाग वस्तूला चेहऱ्यावरचा डोळा पडतो, सोपे काम म्हणजे खाल्लेला पाव, असे त्यात पुष्कळ काही होते. अशा याद्या पाठ करायला मजा येते आणि म्हणूनच त्या लोकप्रिय आहेत. पण त्यांच्या नोंदवलेल्या बैठकांत त्यांतले जवळपास काहीच आले नव्हते. मी ती यादी मागे ठेवायला सांगितली.

अपवाद ठरला तो ‘आय के पोनेर्नोस लास पीलास’ या वाक्याचा. ‘पीला’ म्हणजे बॅटरी. रबरी सीलमध्ये बॅटरी कुठून आली, या विचाराने बाईंनी सीलचे ड्रॉइंग उघडले होते. अर्थ एवढाच की आता कंबर कसायला हवी. ‘तोमार एल पेलो’ म्हणजे फिरकी घेणे, आणि ‘मेतेर ला पाता’ म्हणजे नको ते बोलून किंवा करून बसणे, हे दोन प्रयोगही ओळखता यायला हवेत, कारण बैठक संपताना होणाऱ्या गप्पांत ते येतात. मात्र ओळखणे वेगळे आणि वापरणे वेगळे. ‘नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा’, म्हणजे जिभेवर केस नसणे, हा प्रयोग ऐकून बाईंना लगेच ‘जिभेला हाड नसणे’ आठवले. स्पॅनिशमध्ये तो भीडभाड न ठेवता खरे बोलणाऱ्याविषयी आहे आणि त्यात कौतुकही असू शकते. मराठीत तोंडाला येईल ते बोलणाऱ्याला आपण तसे म्हणतो. ग्राहकाच्या व्यवस्थापकाविषयी असे काही बोलण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

निष्पत्ती

पावसाळ्यात सुरू झालेला हा अभ्यास दिवाळीपर्यंत नियमित चालला. त्यानंतर बाहेरचा दुभाषी आणण्याचा विषय वरिष्ठांनी पुन्हा काढला नाही. बैठक संपल्यावर ठरलेल्या गोष्टींची ईमेल बाई आता स्वतः स्पॅनिशमध्ये पाठवतात, आणि तिची सुरुवात ‘केदामोस एन के’ने, म्हणजे आपले असे ठरले की, अशी असते. चूक राहिली असेल तर माल निघण्याआधी ती पलीकडून कळते.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. ‘आसे फाल्ता’ म्हणजे गरज आहे. त्यानंतर ‘के’ येऊन दुसऱ्या कोणी काही करण्याची गरज सांगायची असेल तर पुढचे क्रियापद संकेतार्थी व्हावे लागते. लिहिताना ते त्यांना येते, बोलताना सुटते. दुसरी गोष्ट म्हणजे कालावधी सांगणारे ‘येबार’. ‘येबामोस दोस सेमानास सिन रेसिबिर पिएसास’, म्हणजे दोन आठवडे झाले, माल मिळालेला नाही, हे वाक्य ऐकल्यावर त्यांना समजते, परंतु स्वतः बोलताना त्या इंग्रजी धाटणीची लांब रचना करतात. ‘येबार’चा नेणे हा पहिला अर्थ मनात इतका घट्ट बसला आहे की दोन आठवडे कुठे नेले, असा प्रश्न त्यांना अजूनही पडतो. मराठीतले ‘झाले’ येथे अर्थ देते, रचना देत नाही, आणि माझ्याकडे यावर सरावाखेरीज दुसरा उपाय नाही.

दरम्यान कारखान्याला स्पेनमधील सारागोसा भागातला एक ग्राहक मिळाला आहे. तेथे ‘पिएसास’चे ‘पिएथास’ होते, ‘बोसोत्रोस’ पुन्हा कामाला येते, आणि काम झाले हे सांगायला ‘या केदो’पेक्षा ‘या एस्ता’ म्हणतात. बाईंनी वहीत प्रत्येक प्रयोगापुढे देशासाठी एक रकाना वाढवला आहे आणि स्पेनच्या पुस्तकातून बाजूला ठेवलेली पाने परत काढली आहेत.